तिसरी तार

प्यो सांग-गिल यांना विमानतळावर पकडलं, ही बातमी मला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कळली. पलीकडच्या टेबलावर नवी भरती झालेली दोन मुलं एकाच फोनवर वाकून वाचत होती. "मेमरी चिपचं गुपित परदेशी विकणारा माजी इंजिनिअर अटकेत," एकानं वाचलं, "पूर्ण नाव नाही दिलेलं. नुसतं प्यो, वय चौपन्न."

"असेल कोणीतरी आपल्याकडचाच म्हातारा," दुसरा म्हणाला आणि परत भाताकडे वळला.

प्यो आडनावाची माणसं आमच्या देशात मुळात कमी. त्यातून चिपच्या धंद्यात, त्या वयाचा, मला ठाऊक असलेला एकच. सूप तसंच ठेवून मी उठलो. माझ्या टेबलाच्या खणात त्यांच्या मुलीच्या, दा-इनच्या, लग्नाची पत्रिका होती. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. त्यासाठीच ते समुद्रापलीकडून घरी येत होते.

मी सव्वीस वर्षांचा असताना इचनच्या कारखान्यात लागलो. प्यो तेव्हा सदतिशीचे होते. टेक्निकल शाळेतून थेट कामाला लागलेले, कॉलेज त्यांनी पुढे संध्याकाळच्या वर्गांना जाऊन केलं. सुरुवातीला ते चिपचे नकाशे रंगीत पेन्सिलींनी काढायचे; त्यामुळे पडद्यावरची रेघ पाहूनच ती कुठे अडकणार आहे ते त्यांना कळायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "कॉलेजात काय शिकवलं?"

"मेमरीचे आराखडे, साहेब. आणि सिग्नलचं गणित."

"म्हणजे काहीच नाही. बरं झालं. विसरायला कमी वेळ लागेल."

महिनाभरानं डुकराच्या आतड्यांच्या सूपच्या दुकानात, तांदळाच्या दारूची दुसरी बाटली फोडताना ते म्हणाले, "ऑफिसच्या बाहेर साहेब म्हणालास तर ही बाटली मी एकटा संपवेन."

"मग काय म्हणू?"

"दादा म्हण. मला धाकटा भाऊ नाही. तुला थोरला आहे का?"

"नाही."

"मग झालं तर. ओत."

तेव्हापासून ते दादा आणि त्यांची बायको, यॉम सुक-जा, वहिनी. दर नोव्हेंबरात वहिनी घरच्या किमचीचा एक मोठा डबा माझ्या खोलीवर पोचवायच्या. माझं लग्न झाल्यावर दोन डबे यायला लागले.

आम्ही दोघं क्लॉकवर काम करायचो. चिपच्या आत एक लाट सतत चालू असते, सेकंदाला कोट्यवधी वेळा वर चढणारी आणि खाली उतरणारी. तिच्या ठेक्यावर सगळी चिप चालते. जुन्या चिप लाट चढताना एकदाच बोलायच्या, म्हणजे माहिती पाठवायच्या. आम्ही करत होतो ती नवी चिप चढतानाही बोलणार होती आणि उतरतानाही. म्हणजे वेग दुप्पट. पण मग लाटेचा वर असण्याचा वेळ आणि खाली असण्याचा वेळ अगदी सारखा हवा. लांब तारांतून, शंभर गेटमधून, म्हणजे इवल्या इवल्या स्विचांमधून, जाता जाता लाट बिघडते. वरचा भाग फुगतो, खालचा आकसतो, आणि आकसलेल्या भागात बोललेलं समोरच्याला ऐकू जात नाही.

हे बिघडलेलं प्रमाण सुधारायची जुनी रीत अशी होती, की किती सुधारायचं ते एका कपॅसिटरमध्ये विजेचा भार साठवून लक्षात ठेवायचं. भार गळतो. चिप जरा झोपली, की जागी झाल्यावर सगळं पहिल्यापासून. सगळेच हैराण होते. आमचे विभागप्रमुख मिन साहेब बैठकीत टेबल बडवत होते. दादा कोपऱ्यात बसून नख कुरतडत होते. ते म्हणाले, "गळक्या माठात पाणी भरून ते मोजत कशाला बसायचं? आकडाच लिहून ठेवू या."

आकडा म्हणजे शून्य आणि एक, चार तारांवर लिहिलेला. वरचा भाग लांबला तर आकडा एकनं उतरवायचा, आखूड झाला तर एकनं चढवायचा, आणि त्या आकड्याप्रमाणे लाटेची उतरती कड थोडी पुढेमागे सरकवायची. चिप दिवसभर झोपली तरी आकडा जागच्या जागी. आज कोणालाही ही साधी गोष्ट वाटेल. आमच्या मजल्यावर ती पहिल्यांदा त्या माणसानं म्हटली. पुढची दोन वर्षं आम्ही तेच केलं, आणि ती चिप चालली. जगभर चालली.

पन्नाशी झाली की आमच्या कंपनीत माणसाला खुर्ची टोचायला लागते. कोणी जा म्हणत नाही. आधी टीम काढून घेतात, मग खिडकीजवळची जागा, मग बैठकीची निमंत्रणं. दादांचं तसंच झालं. शेवटच्या दिवशी त्यांनी एका खोक्यात चहाचा पेला, दोन वह्या, चपला भरल्या.

"आता काय करणार, दादा?" मी विचारलं.

"तुझी वहिनी म्हणते, कोंबडी तळायचं दुकान टाकू. तू सांग, मला कोंबडी तळता येईल?"

"नाही."

"तेच मी तिला म्हणालो."

आठ महिन्यांनी ते समुद्रापलीकडे एका नव्या कंपनीत गेले. तिकडे आमच्याकडची बरीच माणसं जात होती, उघड कोणी सांगत नव्हतं. त्यांनी मात्र मला फोन करून सांगितलं. "इकडे सगळी पोरं पंचविशीची आहेत," ते म्हणाले. "काही म्हणता काही येत नाही. पण रात्रंदिवस विचारत असतात. इन-सू, कोणीतरी विचारतंय म्हटल्यावर बरं वाटतं रे."

अटक झाल्यावर दा-इनचं लग्न ठरल्या दिवशीच झालं. तिला तिच्या मामानं मंडपात नेलं, असं मागाहून कळलं. मी गेलो नाही. त्या आठवड्यात कंपनीच्या कायदे विभागानं आम्हा सगळ्यांना पत्र दिलं होतं, की आरोपीशी वा कुटुंबाशी संपर्क ठेवू नये. मी ते पत्र घडी करून पत्रिकेवर ठेवलं आणि खण लावून टाकला.

पुढच्या वर्षी सुवनच्या न्यायालयात खटला उभा राहिला. सरकारी वकील छा नावाच्या बाई होत्या, चाळिशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्या नव्या कंपनीची चिप बाजारातून विकत आणून, तिचा थर न् थर खरवडून फोटो काढले होते. आमचा जुना आराखडा आणि ते फोटो असे दोन गठ्ठे त्यांनी माझ्याकडे पाठवले. मूळ काम करणाऱ्यांपैकी कंपनीत उरलेला मी एकटाच, म्हणून साक्षीदार मी.

खटला तसा लंगडा होता. विद्यापीठाचे दोन प्राध्यापक आधीच सांगून गेले होते, की दोन्ही रचना सारख्या आहेत, पण हे आता पाठ्यपुस्तकात आहे, कोणीही स्वतंत्रपणे करू शकेल. दादांचं म्हणणंही तेच, की जे होतं ते डोक्यातलं होतं. डोकं काय कंपनीच्या दारात काढून ठेवायचं?

ते फोटो माझ्या टेबलावर तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी मला ते दिसलं.

आमच्या पहिल्या चिपमध्ये आकड्याच्या चार तारांपैकी तिसरी मी चुकीच्या वाटेनं नेली होती. शेजारच्या भागाला वळसा घालून. त्यामुळे ती उशिरा पोचायची. सात आकड्यावरून आठवर जाताना चारही तारा एकदम बदलतात. त्यातली एक मागे राहिली की क्षणभर भलताच आकडा तयार होतो आणि लाट उसळते. थंडीत हमखास व्हायचं. चूक कळली तेव्हा नकाशा पाठवायला दोन दिवस उरले होते आणि तार हलवायला जागा नव्हती. मी स्वच्छतागृहात जाऊन रडलो होतो. दादांनी उरलेल्या तीन तारांवर दोन-दोन छोटे गेट बसवले, नुसता उशीर करण्यासाठी, म्हणजे चौघी बरोबर पोचतील. "लंगड्याला पळवता येत नाही," ते म्हणाले होते, "मग बाकीच्यांनी सावकाश चालायचं." मिन साहेबांना त्यांनी सांगितलं, सावधगिरी म्हणून घातलेत. चूक कोणाची हे त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही.

आता या परक्या चिपच्या फोटोत चारही तारा सरळ होत्या. एकसारख्या लांबीच्या. वळसा कुठेच नव्हता. आणि तरी तीन तारांवर ते दोन-दोन गेट बसलेले होते, तिसरी मोकळी. तिथे ते निरुपयोगीच नव्हते, उलट बाधक होते; तिसरी तार आता लवकर पोचत असणार. दादांनी आठवून काढलं असतं तर हे गेट त्यांनी कधीच घातले नसते. ज्यानं काढलं त्याला ते कशासाठी आहेत हे माहीतच नव्हतं. त्यानं समोर आमचा आराखडा ठेवून तो जसाच्या तसा उतरवला होता. म्हणजे आराखडा तिकडे पोचला होता.

हे जगात दोनच माणसांना कळू शकत होतं. एक आरोपीच्या पिंजऱ्यात बसणार होता.

मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कोणी विचारलं तर सांग. नाही विचारलं तर गप्प बस." मला तो सल्ला पटला. तशी तयारी करूनच मी सुवनला गेलो.

छा बाईंनी तासभर प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. हो, रचना सारखी आहे. हो, स्वतंत्रपणे सुचू शकते. बचावाचे वकील खुशीत दिसत होते. दादा कैद्याच्या तपकिरी कपड्यांत बसले होते, खूप वाळले होते, पण माझ्याकडे पाहून त्यांनी मान किंचित हलवली; पूर्वी बैठकीत मी बोलायला उभा राहिलो की हलवायचे तशी. दुसऱ्या बाकावर वहिनी होत्या.

छा बाईंनी कागद गोळा केले. मग बसता बसता, सवयीनं विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "या दोन आराखड्यांत साक्षीदाराला आणखी काही लक्षात येण्यासारखं दिसतं का?"

नाही म्हणालो असतो तर संपलं असतं. मी का बोललो, ते आज इतक्या वर्षांनीही मला नीट सांगता येत नाही. शपथ घेतली होती हे खरं. खोटं बोलण्याचा गुन्हा होईल ही भीती होती. "यंत्रावर दिसतं ते सांग, तुला हवं ते सांगू नकोस," हे ज्यांनी मला शिकवलं तेच समोर बसले होते, हेही खरं. आणि वर्षाअखेरीस संचालकपदाची यादी लागणार होती, त्यात माझं नाव होतं, मागच्या रांगेत कंपनीचे तीन लोक बसले होते, तेही खरंच. यातलं काय किती, मला ठाऊक नाही.

"दिसतं," मी म्हणालो.

मी सगळं सांगितलं. माझी चूक, तिसरी तार, गेट. न्यायाधीशांनी दोनदा समजून घेतलं. बचावाच्या वकिलांनी विचारलं, "हे गेट तुमच्या चुकीमुळे बसवले, याला पुरावा काय?" मी म्हणालो, "पुरावा नाही. आरोपींना विचारा."

न्यायाधीशांनी दादांना विचारलं. दादा उठून उभे राहिले. 

"साक्षीदार बरोबर सांगताहेत," ते म्हणाले. "फक्त चूक त्यांची नव्हती. तपासायचं काम माझं होतं."

बाहेर जिन्यात वहिनी उभ्या होत्या. हातात पाण्याची बाटली. मी त्यांच्यासमोर कमरेत वाकलो, तसाच वाकून राहिलो.

"छान बोललास," त्या म्हणाल्या. "किती व्यवस्थित. ह्यांनी तुला बोलायला शिकवायला किती दिवस घालवले होते, आठवतंय ना? घरी येऊन सांगायचे, पोरगा हुशार आहे पण चारचौघांत तोंड उघडत नाही."

"वहिनी..."

"आता उघडतं हो," त्या म्हणाल्या आणि खाली उतरून गेल्या.

दोन वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरात मी संचालक झालो. त्या नोव्हेंबरात डबा आला नव्हता. बायकोनं बाजारातून किमची आणली, मुलांनी विचारलं ही वेगळी का लागते.

निकालानंतर चार महिन्यांनी मी तुरुंगात भेटायला गेलो. मध्ये काच, बोलायला भोकं, दहा मिनिटं. ते भेटायला येतील की नाही अशी मला शंका होती. आले. बसले. गुडघ्यांवर हात ठेवले.

"बांग साहेब," त्यांनी मला आडनावानं हाक मारली, "आपण एवढ्या लांब कशाला त्रास घेतलात?"

मी म्हणालो, "दादा, असं नका ना बोलू."

"संचालक झालात, ऐकलं. अभिनंदन. आपल्या घरी सगळे बरे आहेत?"

तेरा वर्षं ज्या माणसानं मला अरे-तुरे केलं, माझ्या ताटातलं मांस उचलून खाल्लं, मी आजारी असताना पाठीवर घालून दवाखान्यात नेलं, तो मला आपण म्हणत होता. त्यात राग नव्हता. रागावले असते तर मी पाया पडलो असतो. परक्या माणसाशी बोलावं तसं नीट, सावध बोलत होते.

"तो आराखडा तुम्ही विकला नाहीत," मी म्हणालो. "मला माहितीय. मग तिकडे गेला कसा?"

त्यांनी गुडघ्यांवरचे हात उचलून काचेसमोरच्या फळीवर ठेवले.

"नेला होता मी. निघताना. वह्यांबरोबर," ते म्हणाले. "आठवण म्हणून. नेऊ नये तेवढं कळत होतं, तरी नेला. तिकडची पोरं विचारायची, सर, खरा आराखडा कसा दिसतो? त्यांना शिकवायला उघडून दाखवायचो. हा भाग का, ही तार इथेच का. त्यातल्या कोणीतरी उतरवून घेतला असणार. त्या गेटांपर्यंत आमचं शिकवणं पोचलंच नव्हतं."

"मग हे कोर्टात का नाही सांगितलंत? फरक पडला असता."

"कोणाचं नाव घ्यायचं? चार पोरं होती. चांगली होती." त्यांनी काचेकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "आणि गेट तसेच ठेवले त्यांनी. चिप थंडीत अडखळत असेल. एकदा बोलायला मिळालं असतं तर सांगितलं असतं, काढून टाका म्हणून."

पहारेकरी आला. ते उठले, मला वाकून नमस्कार केला, माझ्यापेक्षा जास्त वाकून, आणि गेले. पुढच्या दोन वेळी मी गेलो तेव्हा भेटायची इच्छा नाही असा निरोप आला. मग मी जाणं सोडलं.

सुटल्यावर ते वहिनींच्या भावाकडे पूर्वेच्या किनाऱ्यावर राहायला गेले. तिथे मासे वाळवायच्या शेडवर काम करायचे, असं कानावर आलं. मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. पत्रं परत मात्र आली नाहीत, एवढ्यावर मी समाधान मानत होतो.

सुटून नऊ महिने होत होते, तेव्हा दा-इनचा फोन आला. मी तिला शाळेच्या गणवेशात शेवटचं पाहिलं होतं; आवाज ओळखला नाही. "बाबा गेले," ती म्हणाली. "काल सकाळी. शेडमध्ये माशांच्या काठ्या उचलत होते, तिथेच बसले. आई म्हणाली, कळवायला हवं."

त्या किनाऱ्यावरच्या कांगनुंगला पोचायला दुपार झाली. अंत्यविधीच्या दालनात इतर खोल्यांसमोर पांढऱ्या फुलांच्या चक्रांची रांग लागली होती. दादांच्या खोलीसमोर दोनच, एक मामाच्या मासेमारांच्या संघाचं आणि एक दा-इनच्या ऑफिसचं. आत फोटो होता, कंपनीच्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. दुसरा चांगला फोटो नसावा. मी उदबत्ती लावली, दोनदा साष्टांग वाकलो. 

वहिनी काळ्या कपड्यांत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला हाकललं नाही. दा-इननं माझ्यासमोर तिखट मांसाचं सूप, भात, दारूची बाटली आणून ठेवली, कोणत्याही पाहुण्यापुढे ठेवतात तशी. थोड्या वेळानं वहिनी उठून माझ्यासमोर येऊन बसल्या. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"एकटाच आलास?"

"हो."

"कंपनीतून कोणी?"

"नाही, वहिनी."

"येणारच नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या पेल्यात दारू ओतली. थोडी टेबलावर सांडली. मी ती बाहीनं पुसली.

विचारू नये ते मी विचारलं. "कधी माझ्याबद्दल काही म्हणाले?"

वहिनींनी बाटली बाजूला ठेवली. "तुला बरं वाटेल असं काहीतरी सांगता येईल मला," त्या म्हणाल्या. "पण तू खरं बोलणारा माणूस. नाही. काहीच म्हणाले नाहीत. तुझी पत्रं आली, ती त्यांनी वाचली. मग खोक्यात ठेवली. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाले, हवापाणी."

दा-इन मागे उभी राहून ऐकत होती. ती आत गेली.

मी सूप खाल्लं. गार झालं होतं, वर चरबीचा थर आला होता. सगळं खाल्लं, भाताचा कण शिल्लक ठेवला नाही.

निघायला उठलो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. चपला घालताना मी वाकलो होतो, तेव्हा वरून त्यांचा आवाज आला. "उद्या सकाळी सात वाजता न्यायचंय. उचलायला सहा जण लागतात. जावई, माझा भाऊ, शेडवरचे तिघं. एक कमी पडतोय."

"येतो," मी म्हणालो.

रात्र मी बंदराजवळच्या एका लॉजमध्ये काढली. सकाळी पांढरे हातमोजे घालून, डाव्या बाजूला, मागच्या टोकाला उभा राहिलो. पायऱ्या सहा होत्या. माझ्या पुढचा शेडवरचा माणूस ठेंगणा होता, म्हणून मला हात बराच खाली ठेवून चालावं लागत होतं. पेटी मला वाटली होती त्याहून हलकी होती. गाडीत ठेवली, दार लागलं. वहिनी, दा-इन आणि जावई पुढे बसले. मला कोणी बस म्हणालं नाही, मीही चढलो नाही. गाडी वळून समुद्राच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही पाच जण वाकून उभे होतो. मग त्या ठेंगण्या माणसानं मला विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

मी म्हणालो, "त्यांच्या हाताखाली शिकलो."

"अच्छा," तो म्हणाला. "शिकवायचे हो छान. आमच्या पोराचं गणित त्यांनीच सुधारलं." त्यानं हातमोजे काढून खिशात कोंबले आणि कामावर जायला उशीर झाला म्हणून घाईघाईनं निघून गेला.